लिनक्सवर एक्सटर्नल डीव्हीडी रायटर रुसला तर: नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा

आमच्या इथल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी दरवर्षी आषाढीच्या आधी सीडीवर मारून देतो, कारण मंडळातले बरेच आजी-आजोबा मोबाइलवर पाठवलेलं ऐकतच नाहीत, पण सीडी हातात दिली की दुसऱ्या दिवशी पहाटे काकडआरतीच्या वेळेला त्यांच्या घरातून आवाज येतो. माझ्याकडे लिनक्स मिंटचा डेस्कटॉप आहे, कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीवरचा स्लिम रायटर वापरतो. मागे एकदा एकाच संध्याकाळी ओळीने पाच कोऱ्या डिस्क वाया गेल्या, प्रत्येक वेळी वेगळी एरर, मी प्रोग्रॅम बदलले, डिस्कचा ब्रँड बदलला, मिंट पुन्हा टाकायच्या बेतात होतो, आणि शेवटी निघालं काय तर रायटर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला होता, तो मागच्या पोर्टला लावला आणि सहावी डिस्क सरळ झाली.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. ड्राइव्हला करंट पुरतोय का, लिनक्सला तो दिसतोय का, मला त्यावर लिहायची परवानगी आहे का, दुसरं कोणी त्याला धरून बसलंय का, डिस्क धड आहे का, आणि बर्निंगचा प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी. बहुतेक जण प्रोग्रॅमपासून सुरू करतात आणि तिथेच दोन दिवस घालवतात, ते करू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत सलग करायच्या. आणि ड्राइव्हचं नाव मी सगळीकडे /डेव्ह/एसआर० असं धरलंय, शेवटी आकडा शून्य आहे, ओ नाही. दोन ड्राइव्ह असतील तर तुमचा एसआर१ असू शकतो.

आता करंट. इथे जरा थांबूया, कारण एक्सटर्नल रायटरचं बहुतेक दुखणं मला इथेच सापडलंय. स्लिम रायटरला वेगळा अडॅप्टर नसतो, मोटर आणि लेझर दोन्ही यूएसबीच्याच ५ व्होल्टवर चालतात. यूएसबी २.० पोर्टने नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३.० ने ९००, आणि डिस्क फिरायला लागताना किंवा लेझर लिहायला लागतो तेव्हा बरेच स्लिम ड्राइव्ह काही क्षण १ अँपिअरच्याही वर मागतात. म्हणून गंमत अशी होते की जुनी डिस्क वाचली जाते, सिनेमा लागतो, आणि आपण म्हणतो ड्राइव्ह तर ठीक आहे, पण बर्न करायला गेलं की सुरुवातीलाच किंवा मध्येच मान टाकतो. वाचायला कमी करंट लागतो, लिहायला जास्त. सीडी होते पण डीव्हीडी होत नाही, हेही त्याच जातीचं लक्षण असू शकतं.

करायचं काय? पहिलं, रायटर मदरबोर्डला थेट असलेल्या मागच्या पोर्टला लावा, निळा पोर्ट असेल तर तोच. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या बारीक वायरने जोडलेले असतात, तिथे व्होल्टेज पडतं. दुसरं, बॉक्समध्ये दोन तोंडांची वाय केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं तोंड केवळ करंटसाठी असतं आणि बहुतेकांच्या घरी ते तसंच लोंबकळत असतं. तिसरं, कंपनीची केबल मुद्दाम आखूड असते, तिच्या जागी दोन मीटरची स्वस्त केबल किंवा एक्स्टेंशन लावू नका, आणि काही केबल तर फक्त चार्जिंगच्याच असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. हब वापरायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. काही रायटरच्या मागे छोटं गोल पॉवरचं भोक असतं, तिथे ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण पोलॅरिटी आणि व्होल्टेज ड्राइव्हच्या स्टिकरवर वाचूनच लावा, घरातला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तिथे बसतोय म्हणून लावला तर ड्राइव्ह जळेल.

करंटचाच घोळ आहे का हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टर्मिनल उघडा आणि सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू ही कमांड द्या (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, आणि डीएमईएसजी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी दाखवतं), ती चालू राहू द्या आणि मग रायटर जोडा. सगळं नीट असेल तर नवीन यूएसबी डिव्हाइस सापडलं, मग एसआर० नावाचा ड्राइव्ह, त्यापुढे २४एक्स रायटर वगैरे अशी ओळ दिसते. आता हीच खिडकी उघडी ठेवून बर्न सुरू करा. बर्न चालू असताना तिथे यूएसबी रिसेटच्या ओळी आल्या, किंवा डिस्कनेक्ट झालं आणि लगेच नव्या नंबराने परत जोडलं गेलं, तर तो प्रोग्रॅमचा दोष नाही, वीज किंवा केबल आहे हे जवळजवळ नक्की समजा. जोडतानाच डिस्क्रिप्टर वाचता येत नाही, एरर -७१ किंवा -११० असं आलं तरी आधी केबल आणि पोर्टच बदला.

वीज वाचवायची सेटिंगही कधी कधी आड येते. लॅपटॉपवर टीएलपी टाकलं असेल किंवा पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून चालवलं असेल (दोन्ही बॅटरी वाचवायची साधनं आहेत) तर लिनक्स यूएसबी उपकरणांना झोपवतं. अशा वेळी टीएलपीमध्ये यूएसबी ऑटोसस्पेंड बंद करा, किंवा थोड्या वेळासाठी कर्नलला बूट होताना यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१ हा पर्याय द्या आणि फरक पडतो का बघा.

करंट झाला, आता लिनक्सला दिसतोय का. एलएसयूएसबी कमांड दिली की जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते, आणि एलएसयूएसबी -टी दिली की तीच यादी झाडासारखी, वेगासकट. तिथे रायटरसमोर ४८०एम किंवा ५०००एम हवं. १२एम दिसत असेल तर ड्राइव्ह जुन्या यूएसबी १.१ च्या वेगाने चाललाय, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ एमबी, आणि डीव्हीडीचा १एक्स वेगच सेकंदाला सुमारे १.३८ एमबी असतो, तेव्हा तिथे डीव्हीडी धड होणारच नाही. उलट ४८०एम असेल तर ८एक्सला लागणारे ११ एमबी आरामात जातात, त्यासाठी यूएसबी ३ लागतंच असं नाही, ते आपण घेतो ते जास्तीच्या करंटसाठी.

मग एलएसबीएलके द्या. त्यात एसआर० आणि पुढे रॉम असं दिसलं पाहिजे, रिकाम्या ड्राइव्हसमोर १०२४एम असा आकार दिसतो, त्याने घाबरू नका. यूएसबीच्या यादीत आहे पण इथे नाही, असं झालं तर सुडो मॉडप्रोब एसआर_मॉड करून बघा, त्याने डिस्क ड्राइव्ह चालवणारं मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा जोडतुकडा, चढतं. ते मॉड्यूल सापडत नाही म्हणाला तर तुम्ही नुकताच कर्नल अपडेट केलाय आणि मशीन रीस्टार्ट केलं नाही असं असू शकतं, आर्च लिनक्सवाल्यांना हे नेहमी भेटतं. रीस्टार्ट करा, काम होतं.

ॲपलचा यूएसबी सुपरड्राइव्ह कोणाकडे असेल तर त्याची गोष्ट वेगळी आहे. तो लिनक्सवर दिसतो पण डिस्क आत घेतच नाही, कारण त्याला आधी एक ठरावीक आज्ञा द्यावी लागते. एसजी३-यूटिल्स हे पॅकेज टाका (फेडोरात मध्ये डॅशच्या जागी अंडरस्कोअर आहे) आणि मग सुडो एसजी_रॉ /डेव्ह/एसआर० ईए ०० ०० ०० ०० ०० ०१ असं द्या. लगेच डिस्क घेतो. प्रत्येक वेळी जोडल्यावर हे करावं लागतं, रोजचं काम असेल तर यूडेव्हचा (उपकरण जोडलं की आपोआप कमांड चालवणारी लिनक्समधली सोय) नियम लिहून ठेवा.

परवानगीचा भाग आता पूर्वीइतका त्रासाचा राहिला नाही. डेस्कटॉपवर लॉगिन केलेल्या माणसाला सिस्टम आपोआप ड्राइव्हचा हक्क देते. एलएस -एल /डेव्ह/एसआर० केल्यावर परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर तो जादा हक्क नोंदलेला आहे असं समजा. पण एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून आत आलात तर हा हक्क मिळत नाही, तिथे ग्रुप लागतो. डेबियन, उबुंटू, मिंटमध्ये ग्रुपचं नाव सीडीरॉम, आर्चमध्ये ऑप्टिकल. सुडो यूजरमॉड -एजी सीडीरॉम आणि पुढे तुमचं युजरनेम, यात जी कॅपिटल आहे आणि ए लहान. तो लहान ए विसरू नका, कळकळीने सांगतो, ए नसेल तर तुम्ही बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता, सुडोमधूनही, आणि मग स्वतःच्याच मशीनवर ॲडमिन राहत नाही. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय लागू होत नाही. प्रोग्रॅम फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून टाकलेला असेल आणि त्याला ड्राइव्ह दिसत नसेल तर तो कुंपणात असतो, बाहेरच्या उपकरणांपर्यंत त्याचा हात पोचत नाही, म्हणून बर्निंगचे प्रोग्रॅम मी नेहमी डिस्ट्रोच्या (मिंट, फेडोरा अशा आपल्या लिनक्सच्या) रिपॉझिटरीतूनच टाकतो.

डिव्हाइस बिझी, असं येतं तेव्हा कोणीतरी ड्राइव्ह धरलेला असतो. फाइल मॅनेजरने डिस्क माउंट केलेली असते, किंवा एखादा व्हिडिओ प्लेअर मागे उघडा असतो. सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसआर० केल्यावर कोण धरून बसलंय त्याचं नाव येतं. यूमाउंट /डेव्ह/एसआर० करा. इजेक्ट नको, इजेक्ट केलं तर स्लिम ड्राइव्हचा ट्रे बाहेर येतो आणि तो आत ओढायला त्यात मोटर नसते, हाताने ढकलावा लागतो. काही प्रोग्रॅम बर्न झाल्यावर ट्रे आतबाहेर करून तपासणी करायला जातात आणि स्लिम ड्राइव्हवर तिथेच एरर देऊन थांबतात, त्या वेळी डिस्क बहुतेक व्यवस्थित झालेली असते, फेकू नका, आधी ट्रे हाताने बंद करून वाचून बघा.

जागेचं एक दुखणं आहे ते पटकन लक्षात येत नाही. ब्रासेरो किंवा के३बी हे बर्निंगचे प्रोग्रॅम आधी पूर्ण डिस्कची इमेज तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनवू शकतात, आणि ते फोल्डर बहुतेक वेळा /टीएमपी असतं. फेडोरा आणि आर्चमध्ये /टीएमपी रॅममध्ये असतं आणि त्याला साधारणपणे रॅमच्या निम्मी जागा मिळते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर ४ जीबी, आणि डीव्हीडीची इमेज ४.७ जीबीपर्यंत जाते, मग बर्न सुरू व्हायच्या आधीच जागा संपते आणि एरर मात्र भलतीच काहीतरी दिसते. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये तात्पुरतं फोल्डर बदलून होममधलं द्या. तसंच ज्या पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून फाइल घेताय त्या आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या, एकाच हबवर पेनड्राइव्ह आणि रायटर दोघं भांडत बसतात.

४.७ जीबीवरून आठवलं, तो आकडा कंपनीच्या हिशोबाचा आहे, बरेच प्रोग्रॅम १०२४ च्या हिशोबाने दाखवतात, तिथे डीव्हीडीत ४.३७ च मावतात. ४.५ दाखवणारं फोल्डर बसत नाही म्हणून डिस्क खराब समजू नका.

आता डिस्क. आपल्याकडे घरोघरी कपाटात जुन्या कोऱ्या डिस्कची चळत असते, माझ्याकडेही मोझर बेअरच्या होत्या, आणि ती नोएडाची कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, तेव्हा तशी डिस्क हातात आली तर ती किती जुनी आहे याचा अंदाज करा. डिस्कमधला रंगद्रव्याचा थर कोरा असतानाही उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने खराब होतो. ती वापरायची तर वापरा, पण महत्त्वाचं काम तिच्यावर ठेवू नका आणि एररवरून ड्राइव्हला दोष द्यायच्या आधी एखादी दुसऱ्या बनावटीची ताजी डिस्क घालून बघा. डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स नावाचं पॅकेज टाकलं की त्यात मीडियाइन्फोची कमांड मिळते, डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो /डेव्ह/एसआर०, ती डिस्क कोणी बनवली त्याचा कोड, ती कोरी आहे की अर्धी भरलेली की बंद केलेली, आणि कुठले वेग चालतील, हे सगळं सांगते. पाकिटावरचं नाव आणि आतला कोड वेगळा निघणं अगदी नेहमीचं आहे.

एरर येते तेव्हा शेवटची गोड भाषेतली ओळ वाचू नका, लॉगमध्ये एसके, एएससी, एसीक्यू असे तीन आकडे शोधा. एसके ३ म्हणजे डिस्कचा माल किंवा तिच्यावर लिहिणं बिघडलं, ४ म्हणजे ड्राइव्हचं हार्डवेअर, ५ म्हणजे ड्राइव्हला न पटणारी आज्ञा दिली, २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही. ३, ०सी, ०० म्हणजे लिहिताना चूक. ३, ७३, ०३ म्हणजे लेझरची ताकद जुळवून बघताना चूक, लिहायच्या आधी ड्राइव्ह डिस्कच्या एका छोट्या भागावर लेझर चालवून अंदाज घेतो, तो अंदाजच जमला नाही, आणि इथे दोन संशयित असतात, डिस्क आणि करंट, म्हणून हा आकडा दिसला की मी परत वर जाऊन केबल बघतो. २, ३ए म्हणजे ड्राइव्हला डिस्कच दिसत नाही. वोडिम (बर्निंगचं एक इंजिन, त्याबद्दल खाली) वापरताना मेमरी लॉक करता आली नाही अशी जी सूचना येते ती निरुपद्रवी आहे, तिच्यामागे लागून वेळ घालवू नका, खरं कारण तिच्या खाली असतं. आणि ग्रोआयसोएफएस या दुसऱ्या इंजिनाने ब्लू-रे बीडी-आर मारली तर अगदी शेवटी सेशन बंद करताना एसके ५ची एरर येऊ शकते, तिथपर्यंत सगळं लिहून झालेलं असतं, डिस्क तपासून बघा, बहुधा चांगली निघते.

एवढं सगळं बघूनही होत नसेल तेव्हा प्रोग्रॅम बदला, आणि बदलताना खिडकी नाही, आतलं इंजिन बदला. के३बी, ब्रासेरो या फक्त पुढच्या खिडक्या आहेत, आत काम करतात वोडिम, ग्रोआयसोएफएस किंवा लिबबर्न. वोडिम हे डेबियनवाल्यांनी २००६ मध्ये योर्ग शिलिंग यांच्या सीडीआरटूल्सपासून लायसन्सच्या वादावरून वेगळं काढलं, आणि पुढे त्यावर फारसं काम झालं नाही, त्यामुळे डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी मी त्यावर विसंबत नाही. लिबबर्न आणि त्यावरचं झोरिसो (स्पेलिंग एक्स ओ आर आर आय एस ओ) हे थॉमस श्मिट यांनी सांभाळलंय आणि माझा भरवसा त्याच्यावर आहे. खिडकीच हवी असेल तर एक्सएफबर्न घ्या, ते लिबबर्नवरच चालतं. टर्मिनलवरून इमेज मारायची तर झोरिसो -एएस सीडीरेकॉर्ड -व्ही डीईव्ही=/डेव्ह/एसआर० स्पीड=४ आणि पुढे आयएसओ फाइलचं, म्हणजे डिस्कच्या इमेजचं, नाव. मॅक्सिमम वेगाचा मोह टाळा, विशेषतः बाहेरच्या स्लिम ड्राइव्हवर, कमी वेगात मोटर कमी करंट ओढते. अगदी कमी वेग मागितला तरी ड्राइव्ह स्वतःला जमेल तो जवळचा वेग धरतो. रंगीत तालीम करायची सोय आहे, -डमी लावा, लेझर न जाळता सगळा प्रवास होतो, पण ती सीडी आणि डीव्हीडी-आरवरच, डीव्हीडी+आरला तालीम चालत नाही.

ऑडिओ सीडीसाठी थोडं वेगळं. साध्या प्लेअरला एमपी३ची डेटा सीडी कळेलच असं नाही, म्हणून ऑडिओ सीडीच करा, ८० मिनिटांची मर्यादा धरून. उबुंटू किंवा मिंटवर के३बी एमपी३ घेत नसेल तर लिबके३बी-एक्स्ट्राकोडेक्स हे पॅकेज टाका. सीडी-आर वापरा, सीडी-आरडब्ल्यू जुने प्लेअर वाचत नाहीत. आणि डिस्क-ॲट-वन्स, म्हणजे पूर्ण डिस्क एका दमात लिहायची पद्धत, निवडा, नाहीतर प्रत्येक अभंगानंतर दोन सेकंदांची शांतता येते आणि गजरातून पुढच्या अभंगात जायचं असतं तिथे ती फार टोचते.

डेटा डिस्क झाली की ट्रे बाहेर काढून परत आत ढकला, कारण लिनक्सच्या डोक्यात अजून कोरी डिस्कच असू शकते, आणि मग तपासा. आयएसओसाइझ -डी २०४८ /डेव्ह/एसआर० दिलं की ब्लॉकचा आकडा मिळतो, तो घेऊन डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट= आणि तो आकडा, त्यापुढे पाइप (| हे उभं चिन्ह) आणि एसएचए२५६सम, त्याने डिस्कवरच्या मजकुराचा ठसा निघतो. हाच हिशोब मूळ आयएसओ फाइलवरही त्याच आकड्याने करा. दोन्ही जुळले की डिस्क बरोबर. आकडा न देता पूर्ण डिस्क वाचायला गेलात तर ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक सुटा लिहायच्या) पद्धतीने मारलेल्या सीडीवर अगदी शेवटी इनपुट-आउटपुट एरर येते, कारण त्या पद्धतीत शेवटी दोन ब्लॉक असे असतात जे वाचता येत नाहीत, आणि मग चांगली सीडी आपण खराब म्हणून टाकतो. ते टाळायला मारतानाच शेवटी १५० सेक्टरचं पॅडिंग द्या.

कधी बर्न अर्धवट सुटलं तर ट्रे उघडत नाही, बटण दाबलं तरी काही नाही. इजेक्ट -आय ऑफ /डेव्ह/एसआर० दिलं की बटणाचं कुलूप निघतं. तरीही नाहीच उघडला तर केबल काढा, डिस्क फिरायची थांबू द्या, आणि ट्रेच्या पुढच्या पट्टीवर जे बारीक भोक असतं त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हळूच दाबा.